वसमतहून नांदेडला: रेफर चिठ्ठीचा प्रवास

वसमतचं नाव काढलं की आधी हळद आठवते. काढणी, शिजवणी, पॉलिश झाली की मोंढ्यात कट्ट्यांच्या थप्प्या लागतात आणि शेजारच्या जिल्ह्यांतले शेतकरीही इथं माल आणतात. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारासाठी चहूबाजूंनी लोक वसमतला येतात. दुखणं मोठं झालं की मात्र वसमतचेच लोक बाहेर पडतात. नांदेड साधारण चाळीस किलोमीटरवर, परभणी जवळपास तेवढंच. जिल्ह्याचं ठिकाण हिंगोली औंढा नागनाथच्या वाटेनं त्याहून थोडं लांब. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला, तेव्हापासून इथला कागद हिंगोलीला जातो आणि पेशंट बहुतेक वेळा नांदेडला.

इथली आरोग्यसेवा समजून घ्यायची, तर या चाळीस किलोमीटरच्या रस्त्याकडं नीट पाहावं लागतं. कोण कशासाठी पुढं पाठवला जातो, निघण्याआधी त्याला काय मिळतं आणि पोचल्यावर काय होतं, यावर अनेकांचं जगणं-मरणं ठरतं. तालुक्याच्या ठिकाणी जे निभावायला हवं ते तिथंच निभावलं गेलं पाहिजे, हे या लेखाचं म्हणणं आहे.

मोठा दवाखाना जवळ येत गेला

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, अंबाजोगाईचं १९७४ चं, नांदेडचं १९८८ चं. परभणीला २०२३ मध्ये आणि हिंगोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. म्हणजे वसमतच्या माणसाला साधारण चाळीस किलोमीटरवर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय मिळायला स्वातंत्र्यानंतर चार दशकं लागली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनं १९८४ मध्ये राज्यातल्या विकासाचा अनुशेष मोजला, तेव्हा रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्या जोडीनं आरोग्यसेवाही त्या मोजणीत होती. रुग्णालयाचं अंतर हा विकासाच्या वाटपाचाच प्रश्न आहे, याची ती सरकारदरबारी झालेली नोंद.

मोठ्या रुग्णालयाच्या खाली एक उतरंड आहे. तिचा पाया भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानं घातला. आजच्या निकषांनुसार सपाट भागात पाच हजार लोकांमागं एक उपकेंद्र, तीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सुमारे सव्वा लाखामागं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय असायला हवं. त्यावर उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय. वसमत तालुक्यात कुरुंदा, हट्टा, गिरगाव अशा मोठ्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, स्त्री रुग्णालय आहे. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातली जवळपास ८५ टक्के माणसं खेड्यांत राहत होती. त्यामुळं या उतरंडीच्या खालच्या दोन पायऱ्याच बहुतेकांचा पहिला दवाखाना असतात.

या पायऱ्यांचे मालक वेगवेगळे आहेत, हे मात्र लोकांना सहसा कोणी सांगत नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. तिथले वरिष्ठ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि स्त्री रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, अधिष्ठात्यांच्या हाताखाली. गिरगावच्या केंद्रातून निघालेली बाई वसमतमार्गे नांदेडला पोचेपर्यंत तीन कारभार ओलांडते. तिला याची कल्पनाही नसते. प्रत्येक कारभार आपापली नोंद ठेवतो. पण तिच्या संपूर्ण प्रवासाची नोंद ठेवणं हे कोणाचंच नेमून दिलेलं काम नाही.

उशीर तीन ठिकाणी होतो

बाळंतपणात बायका का दगावतात, याचा अभ्यास करताना सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये एक साधी मांडणी केली. उशीर तीन ठिकाणी होतो: दवाखान्यात जायचं ठरवण्यात, दवाखान्यापर्यंत पोचण्यात, आणि पोचल्यावर खरा उपचार सुरू होण्यात. ही मांडणी जगभर वापरली जाते. वसमतच्या शिवाराला लावून पाहिली, तर कुठं काय अडतं ते ध्यानात येतं.

पहिला उशीर घरात होतो. हळद काढणीच्या दिवसांत मजुरी सोडून दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाची कमाई बुडते. बाई स्वतः अंगावर काढते, सासू म्हणते उद्या बघू, नवरा ऊसतोडीला गेलेला असतो. इथं गावातली आशाताई कामाला येते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा ही योजना आली. गरोदरपणाची नोंद, तपासण्यांची आठवण, दवाखान्यात सोबत, सगळं तिच्याकडं. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. रक्त कमी आहे, रक्तदाब वाढलाय, आधीचं सिझेरियन आहे, बाळ आडवं आहे, अशा जोखमीच्या माता त्या दिवशी वेळेत हेरल्या गेल्या, तर ऐनवेळची धावपळ पुष्कळ टळते.

दुसरा उशीर रस्त्यावर होतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो, ही मोठी सोय झाली. गरोदर माता आणि आजारी बाळांसाठी १०२ ची गाडी वेगळी. पण मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबं गावठाणात राहत नाहीत, शेतातल्या आखाड्यावर राहतात. पावसाळ्यात काळ्या रानातली पायवाट चिखलानं भरली, की गाडी डांबरी रस्त्यावर थांबते आणि बाईला तिथवर आणावं लागतं. कळा सुरू झालेल्या बाईसाठी ते शेवटचे दोन किलोमीटर पुढच्या चाळीस किलोमीटरहून अवघड असतात. अशा कुटुंबातल्या बाईला तारखेच्या आधी चार-आठ दिवस गावात किंवा वसमतला नातेवाइकांकडं आणून ठेवणं हा साधा उपाय आहे. तो आशाताई आणि घरच्यांनी आधीच ठरवायचा असतो.

तिसरा उशीर दवाखान्याच्या आत होतो, आणि आज सर्वांत जास्त लक्ष इथंच द्यायला हवं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. बायका दवाखान्यात पोचू लागल्या आहेत. राज्याचं मातामृत्यूचं प्रमाणही २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागं ३३ पर्यंत खाली आलं. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता आणि केरळचा १९. हे यश खरं आहे. मात्र राज्याच्या सरासरीत पुणे-मुंबईही असते आणि हिंगोलीही. पुढची सुधारणा दवाखान्याच्या दारापलीकडं काय घडतं, यावरच अवलंबून आहे.

भूलतज्ज्ञ नसेल, तर सगळं थांबतं

तालुक्याच्या रुग्णालयाला ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणायचं, तर तीन गोष्टी चोवीस तास हव्यात: सिझेरियनसह तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा. या तिन्हींतली एक जरी नसली, तरी बाकीच्या दोन अडून बसतात. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहे, शस्त्रक्रियागृह चकचकीत आहे, पण भूलतज्ज्ञ नाही. सिझेरियन होणार नाही. भूलतज्ज्ञ आहे, पण रक्त नाही. जोखीम घेता येणार नाही. दोघंही आहेत, पण बालरोगतज्ज्ञ नाही. कमी दिवसांचं बाळ कोणाच्या हाती द्यायचं? ग्रामीण महाराष्ट्रात भूलतज्ज्ञांची उणीव जुनी आहे. म्हणूनच एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन बाळंतपणापुरती भूल देण्यास तयार करण्याचा कार्यक्रम सरकारनं आखला. तो जिथं नीट चालतो, तिथं रेफर कमी होतात.

‘नांदेडला घेऊन जा’ हे वाक्य नातेवाइकांच्या कानावर पडतं, तेव्हा घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो. वसमत ते नांदेड तासाभराचा रस्ता, त्यात गाडी येईपर्यंतचा वेळ, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेड शहराच्या पलीकडं विष्णुपुरीला. म्हणजे शहरही ओलांडायचं. हा हिशेब मांडला, की पाठवण्याआधी काय करायचं याचं महत्त्व कळतं.

चांगला रेफर कसा असतो? रक्तस्राव होत असेल, तर ऑक्सिटोसिन दिलेलं असतं, सलाईन चालू असतं. रक्तदाब वाढून झटके येत असतील, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिथंच दिलेला असतो. चिठ्ठीवर नाव आणि ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहून भागत नाही; रक्तदाब, नाडी, कोणतं औषध किती वाजता दिलं, पाठवण्याचं कारण आणि निघाल्याची वेळ त्यावर हवी. नांदेडला आधी फोन गेलेला असतो, गाडीत सोबत सिस्टर असते. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. शिस्त लागते, आणि ती पाळली जाते का हे विचारणारा माणूस लागतो.

खालचा भार वर ढकलला गेला, की वरचंही मोडतं. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. साऱ्या देशाचं लक्ष तिकडं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधं, मनुष्यबळ, खाटांवरचा भार असे अनेक प्रश्न तेव्हा पुढं आले. लांबलांबून, अखेरच्या क्षणी, अत्यवस्थ स्थितीत रुग्ण येतात, असं रुग्णालय प्रशासनानं सांगितलं. त्यानं रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. पण त्या सांगण्यात भोवतालच्या तालुक्यांसाठीही एक प्रश्न आहे: या बाळांपैकी किती जणांना आपल्याच तालुक्यात वाचवता आलं असतं?

बाळाचे श्वास मोजणारी ताई

उत्तराचा एक भाग गडचिरोलीत सापडतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढं २०११ मध्ये हीच पद्धत देशभरातल्या आशांकडं आली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी येते. बाळंतपण घरीच झालं, तर पहिल्या दिवशीही.

ही भेट जवळून पाहावी अशी असते. ताई हात धुते, बाळाला झोळीत ठेवून काट्यावर वजन घेते, काखेत तापमापी लावते. मग दुपटं बाजूला करून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाच्या हालचाली मोजते. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असले, छाती आत ओढली जात असली, बाळ अंगावर ओढत नसलं किंवा अंग गार लागत असलं, तर ती थांबत नाही, गाडी बोलावते. त्या एका मिनिटात घाई झाली, तर न्यूमोनिया निसटतो. एवढ्या मोलाचं काम करणाऱ्या महाराष्ट्रातल्या आशांना पुरेशा मोबदल्यासाठी २०२३-२४ मध्ये संपावर जावं लागलं आणि त्यानंतर दरमहा पाच हजारांची वाढ मिळाली. गावाच्या आरोग्याचा पहिला पहारा ज्यांच्याकडं आहे, त्यांचा मोबदला वेळेवर मिळणं हाही सेवेच्या दर्जाचाच भाग आहे.

दर्जा म्हणजे काय?

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ च्या एका आयोगानं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब मांडला. उपचारानं टळू शकणाऱ्या वर्षाला सुमारे ८६ लाख मृत्यूंपैकी ५० लाख निकृष्ट उपचारामुळं होत होते आणि ३६ लाख उपचार न मिळाल्यामुळं. दवाखाना गाठलेली माणसंच जास्त दगावत होती. त्यामुळं ‘दवाखाना आहे ना?’ या प्रश्नाला ‘तिथं नीट उपचार होतो का?’ हा प्रश्न जोडावाच लागतो.

दर्जा ढासळण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे नको असलेला उपचार. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साध्या तक्रारींवर वेळेत आणि जवळ उपचार मिळाला असता, तर यातल्या कित्येकींवर ही वेळ आली नसती. ऊसतोडीला जाणारं कुटुंब सहा महिने गावाबाहेर असतं. त्या बायकांचं कार्ड, तपासणी, गोळ्या त्यांच्यासोबत फडापर्यंत कशा जातील, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यानं सोडवायचं काम आहे.

तपासायला सरकारी, तातडीला खासगी, असा इथल्या बहुतेक घरांचा शिरस्ता आहे. खासगी दवाखान्यांनाही नियम आहेत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आजाराची माहिती मिळणं, कागदपत्रांच्या प्रती मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हे रुग्णाचे हक्क आहेत.

मोफत असूनही खर्च का होतो?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार मोफत झाले. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या विभागाकडं असल्यानं हा निर्णय त्यांना आपोआप लागू झाला नाही. वसमतला पैसे लागत नाहीत आणि पुढं पाठवल्यावर लागतात, असा अनुभव येतो त्यामागं विभागांची ही वाटणी आहे. बाळंतपणासाठी मात्र २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सर्वच सरकारी रुग्णालयांत सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, आणि घर ते दवाखाना, दवाखाना ते दवाखाना, दवाखाना ते घर अशी गाडी मोफत केली आहे. आजारी तान्ह्या बाळालाही हे लागू आहे. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली असून वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का, हे दाखल होण्याआधी किंवा दाखल होताच तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायचं. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

तरीही खर्च होतो. ‘बाहेरून आणा’ म्हणून लिहिलेलं औषध, सोबत्याचं जेवण, जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी. सकाळची ओपीडी रोजंदारीच्या वेळेतच असते. २०२३ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठेवली, ते म्हणूनच शहाणपणाचं होतं. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या संध्याकाळी, कामावरून परतताना मिळाल्या, तर त्या नियमित घेतल्या जातात.

अंथरुणावरच्या माणसाचं काय?

आजार बरा होणारा नसला, की आरोग्यसेवेचा हात सुटतो आणि सामाजिक आधाराची गरज सुरू होते. निराधार, विधवा, दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये त्यांचं अनुदान दरमहा १,५०० रुपये झालं. अर्ज तहसीलला. त्यासाठी वयाचा, उत्पन्नाचा दाखला हवा. पुढं दरवर्षी हयातीचा दाखला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, पण तपासणीसाठी जिल्ह्याचं रुग्णालय गाठावं लागतं. अर्धांगवायू झालेल्या बापाला गाडी करून हिंगोलीला न्यायचं, त्या दिवशी संबंधित तज्ज्ञ नसला तर परत यायचं, हे एका मजूर घराला झेपणारं नाही. तज्ज्ञांच्या पथकानं ठरलेल्या दिवशी वसमतला येऊन तपासणी केली, तर शेकडो घरांचे हेलपाटे वाचतील.

घरात पडून असलेल्या माणसाची जखम धुणं, कूस बदलणं, वेदना कमी करणं हे काम आज जवळपास पूर्णपणे सुना-मुलींवर आहे. केरळात कोझिकोड, मलप्पुरम भागात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून प्रशिक्षित स्वयंसेवक आणि नर्सेस घरोघरी जाऊन हे करतात, आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारनं त्याला धोरणाचं रूप दिलं. आपल्याकडं बचतगट आहेत, आशा आहेत, उपकेंद्रं आहेत. एका उपकेंद्रामागं घरी जाणारी एक प्रशिक्षित परिचारिका, आठवड्याला ठरलेला दिवस, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

विचारायचं कुठं?

विचारण्याच्या जागा कायद्यानं आणि योजनांनी दिल्या आहेत. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी ठरवून दिलेला आहे. रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं तिचं समन्वयन केलं. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राला लाल, पिवळा, हिरवा असे शेरे दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर अनुभव मांडले, आणि कुठं बंद उपकेंद्र उघडलं, कुठं बाहेरून औषध लिहिणं थांबलं. भांडण न करता, नोंदी दाखवून हे घडलं.

वसमत तालुक्यात हे करायला वेगळी परवानगी लागत नाही. रुग्ण कल्याण समितीनं दर महिन्याला एक तक्ता जाहीर करावा: किती माता आणि किती बाळं पुढं पाठवली, कोणत्या कारणानं, निर्णय झाल्यापासून किती मिनिटांत गाडी निघाली, आणि नांदेडला पोचल्यावर ती सुखरूप राहिली का. भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी हजर आहेत, हे रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लिहावं. तीन महिने हा तक्ता लिहिला, की कोणतं पद रिकामं असल्यामुळं सर्वाधिक पेशंट बाहेर जातात, हे आकड्यांनिशी समोर येईल. मग ‘दवाखाना सुधारा’ या मोघम मागणीच्या जागी ‘भूलतज्ज्ञाचं हे पद अमुक तारखेपर्यंत भरा’ अशी नेमकी मागणी ग्रामसभेच्या ठरावात जाईल. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि लोकप्रतिनिधींना अशा मागणीचं उत्तर तारखेसकट द्यावं लागतं.